आजीचं नाव लेकीला ठेवायचंय, पण आजीचं नाव धोंडाबाई होतं. काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडते. तुम्ही धारूरकडच्या, आता पुण्यात. लहानपणी आई-वडील दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे ते पार उन्हाळ्यात परत यायचे, तेवढे महिने तुम्हाला वडलांच्या आईनं सांभाळलं, शाळा सुटू दिली नाही, आणि म्हणून आज तुम्ही नोकरीत आहात. आजी मागच्या वर्षी गेली. आता तुम्हाला मुलगी झालीय, महिन्याची आहे, बारसं लांबवलंय. मनात आजीचं नाव आहे पण आजीचं नाव धोंडाबाई. नवरा म्हणतो शाळेत पोरं हसतील, सासूबाई योगेश्वरी ठेवा म्हणायल्यात, गुरुजींनी हस्त नक्षत्र सांगून पू, ष, ण, ठ ही अक्षरं दिलीत, आणि मैत्रीण म्हणते ध वरून धनश्री ठेव म्हणजे आजीचंही नाव राहतं. तर धनश्री ठेवलं तर आजीचं नाव राहिलं असं म्हणता येईल का, हा तुमचा प्रश्न.

मी ग्रामसेविका होते, बीड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांत नोकरी गेली. खेड्यात जन्ममृत्यूचा निबंधक म्हणजे ग्रामसेवकच, त्यामुळं जन्माचं रजिस्टर आणि मृत्यूचं रजिस्टर दोन्ही माझ्याच कपाटात असायची. एखाद्या म्हातारीचं नाव एका रजिस्टरला लिहायचं आणि वर्षभरात तेच नाव घेऊन तिचा मुलगा दुसऱ्या रजिस्टरला लिहायला यायचा, असं खूप वेळा बघितलंय. आणि माहेरी थोरली असल्यामुळं आत्या म्हणून भावांच्या लेकरांच्या कानात नावंही मीच सांगितलीत. त्यातून जे कळलं ते सांगते, पटलं तेवढं घ्या.

माझं मत सरळ आहे. धनश्री नाव चांगलं आहे, पण त्यानं आजीचं नाव राहत नाही. आणि धोंडाबाई हे नाव जन्मदाखल्यावर लिहू नका असंही मी म्हणेन. पण या दोन्हींच्या मधी भरपूर जागा आहे आणि आपल्या जुन्या माणसांनी ती आधीच करून ठेवलीय, ती आपण वापरत नाही एवढंच.

पहिली गोष्ट, घाई करू नका. महिना झाला, बारावा दिवस गेला, आता दवाखान्यातनं फोन येईल, दाखल्याचं काय, असं सगळ्यांना वाटतं आणि मग एका संध्याकाळी कुणीतरी मोबाईलमधी यादी काढतं आणि नाव ठरतं. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे हे खरंय, पण दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती माहिती दवाखानाच पाठवतो, आणि ती नोंद नावाशिवाय होते. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. पुढं १२ महिन्यांच्या आत नाव टाकलं तर काही शुल्क लागत नाही, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. एवढी मुदत कायद्यानंच दिलीय तर ती वापरा. एकदा नाव रजिस्टरला चढलं की मग बदलणं अवघड, कारण निबंधकाला लिहिण्यातली चूक दुरुस्त करता येते, आवडलं नाही म्हणून नाव बदलून देता येत नाही, मग राजपत्र करा, प्रतिज्ञापत्र करा आणि तरी प्रत्येक टेबलवर समजावून सांगा. आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांसाठी तर जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा मुख्य पुरावा झालाय, शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी, लायसन, लग्नाची नोंद, सगळ्याला तोच. पूर्वी शाळेत घालताना गुरुजी नाव सुधारून घ्यायचे, पुष्कळ बाप्याबायांची नावं तशीच बदललीत. आता ती वाट धरून चालू नका.

दुसरं म्हणजे तुमचा खरा प्रश्न अक्षराचा नाहीच. तुम्हाला असं पाहिजे की आजीनं जे केलं ते ह्या घरात विसरलं जाऊ नये, पुण्यातल्या घरात सुद्धा, जिथं आजीला तुमच्याशिवाय कुणी नीट ओळखत नव्हतं. आता बघा, धनश्री ठेवलं तर तुम्हाला रोज ध ऐकू येईल, पण नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, आणि मुलीला तर अजिबात नाही. दहा वर्षांनी ती विचारेल माझं नाव कुणी ठेवलं, तुम्ही म्हणाल आजीच्या ध वरून, ती म्हणेल बरं, आणि विषय संपला. एका अक्षरात माणूस मावत नाही. ज्या घरांत असं अक्षर घेऊन नाव ठेवलं त्या घरांत पुढं दुसऱ्या लेकराच्या वेळी कुणालाच आठवत नव्हतं की पहिल्याचं अक्षर कुणाचं होतं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

मग धोंडाबाईच का नाही? इथं तुम्हाला एक काम करायचंय. आजीला हे नाव का पडलं ते शोधून काढा. आपल्या भागात धोंडाबाई, धोंडीबा, कोंडाबाई, कोंडीबा, केरबा, दगडू ही नावं सहसा दोन कारणांनी पडायची. एक तर आधीची लेकरं जगली नाहीत. दोन-तीन लेकरं गेली की पुढच्याला चांगलं नाव ठेवायला आईबाप भ्यायचे, दृष्ट लागंल, देवाच्या मनात भरंल, म्हणून मुद्दाम दगडाचं, कोंड्याचं, केराचं नाव. काही घरांत तर लेकरू झाल्या झाल्या खरोखर कोंड्यावर ठेवून उचलून घ्यायचे. दुसरं कारण अधिक महिना. आपण त्याला धोंड्याचा महिनाच म्हणतो, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे करून घालतो, त्या महिन्यात जन्मलेल्याला धोंडीराम नायतर धोंडाबाई. साधारण पावणेतीन वर्षांतनं एकदा येतो तो महिना, त्यामुळं अशी माणसंही गावात कमी नसायची.

पहिलं कारण असेल तर जरा विचार करा. ते नाव म्हणजे तुमच्या पणजीनं केलेला नवस होता, की हे तरी लेकरू जगू दे, दगडासारखं टिकू दे. आणि ते टिकलं. टिकलं आणि त्यानं तुम्हालाही टिकवलं. नवस फिटला. तुमच्या लेकीच्या जन्माला ती भीती नाही, तिच्या आधी कुणी गेलेलं नाही, तर ती भीती तिच्या शाळेच्या हजेरीत कशाला पाठवायची. आजी असती तर तिनंही नको म्हटलं असतं असं मला वाटतं, कारण असल्या नावाच्या बायांना स्वतःच्या नावाचा पुष्कळ त्रास झालेला असतो, मी दाखल्यासाठी नाव विचारलं की पदर तोंडाला लावून हळूच सांगायच्या. पण हे मी अंदाजानं म्हणते. तुमच्या आजीला आपल्या नावाचा अभिमान होता का, ती ठणकावून सांगायची का की मी धोंडाबाई, मला कुणी हलवू शकत नाही? तशी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा माझा सल्ला थोडा सैल करून वाचा.

आता दुसरं शोधायचं काम, आणि हे पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं? तुम्ही लिहिलंय धोंडाबाई, पण ते माहेरचं का सासरचं हे लिहिलेलं नाही. त्या पिढीत लग्नात नाव बदलायचे, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवीन नाव लिहायचा, आणि त्या दिवसापासून बाईचं पहिलं नाव फक्त माहेरी उरायचं.

केज तालुक्यात असतानाची गोष्ट सांगते. नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील, असे तिघं नाव टाकायला आले होते, बाळाची आजी वारलेली, तिचं नाव ठेवायचं ठरलं होतं, सुभद्रा. फॉर्म भरून झाला. त्यांच्याबरोबर आजीचा सख्खा भाऊ आलेला होता बारशासाठी म्हणून, खूप म्हातारे, रुमाल बांधलेले, बाहेर पायरीवर बसले होते. मी वाचून दाखवलं तसे ते आत आले, म्हणले, सुभद्रा कुणाचं नाव? पोरानं सांगितलं, मामा, आईचं. म्हातारे म्हणले, आमची तर यमुना होती. मग तिथंच उभं राहून सगळं सांगितलं, की लग्न ठरलं तेव्हा सासूचं नाव पण यमुना निघालं, आता नवरा आपल्या आईचं नाव घेऊन बायकोला हाक कशी मारणार, म्हणून मांडवात सुभद्रा केलं. पोटचा मुलगा चाळिशीचा, त्याला आईचं पहिलं नाव त्या दिवशी कळलं. खाली बसला तो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग तो म्हणला, मॅडम कागद राहू द्या आज. पंधरा-वीस दिवसांनी परत आले आणि यमुना लिहून गेले.

म्हणून म्हणते, आजीचा भाऊ-बहीण कुणी हयात असेल तर त्यांना विचारा, नसेल तर भाचे, भावजया, तिच्या माहेरच्या गल्लीतली म्हातारी माणसं. हे कुठल्याही कागदावर सापडणार नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, मृत्यूचा दाखला, सगळीकडं सासरचंच नाव असतं. माहेरी ती राही असेल, मुक्ता असेल, जना असेल, तर तुमचा सगळा गुंता तिथंच सुटतो, ते नाव सरळ, उघड, पूर्ण दाखल्यावर लिहा. ही नावं आज कुणाला जुनाट वाटत नाहीत. मुक्ता, राही, रमा, जनाई, गोदा, रुक्मिणी, आपल्या संतांच्या घरातली आणि गंगेकाठची नावं परत ठेवायलेत लोक, गंगाखेडला जनाबाई, पैठणजवळ आपेगावला मुक्ताबाई, ही काय परकी नावं आहेत का.

आणि माहेरचंही धोंडाच निघालं तर? तर मग पाळण्यातलं नाव धोंडा ठेवा.

हे मी मनाचं समाधान म्हणून सांगत नाही. आपल्या रीतीत लेकराला एक नाव कधीच नव्हतं. एक राशीचं, एक पाळण्यातलं, एक व्यवहारातलं, आणि वर हाक मारायचं वेगळंच. गुरुजींच्या अक्षरांचंच बघा. हस्ताची चार अक्षरं चार चरणांची आहेत, वेळ नीट माहीत असेल तर त्यातलं एकच तुमचं. आणि त्यात ण आहे, ठ आहे, ण वरून सुरू होणारं नाव मराठीत मिळत नाही. म्हणजे ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना माहीतच होतं की हे नाव पत्रिकेपुरतं आहे, हाकेचं वेगळं असणार. त्यामुळं सासूबाईंना अक्षर पाळायचं असेल तर पत्रिकेत पू वरून पूर्वा, पूजा जे बसेल ते लिहू द्या, दाखल्याला त्याचं बंधन घेऊ नका. दोघींचं राहतं.

पाळण्यातल्या नावाचं सांगते कसं करा ते. तुमच्याकडं बारशाला वरवंटा घेतात ना? आपल्या भागात बहुतेक घरांत घेतात. वरवंट्याला आंघोळ घालायची, हळदकुंकू लावायचं, कुंची-टोपरं घालायचं आणि लेकराच्या आधी तो पाळण्यात, मग दोघी बाया पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात आणि देवाची नावं घेतात. हा दगड लेकराच्या आधी पाळण्यात जातो तो याच इच्छेनं, की लेकरू असं टणक होऊ दे. तुमच्या आजीला ज्या इच्छेनं धोंडा म्हणलं ती हीच. तर ज्या वेळी वरवंटा द्यायचा-घ्यायचा त्या वेळी देवाच्या नावांबरोबर आजीचं नाव घ्या, मोठ्यानं, धोंडाबाई घ्या म्हणून. गावाकडच्या घरात आजीच्या हाताखालचा पाटा-वरवंटा असेलच, मिक्सर आल्यापासून परसात पडलेला असतो, तो वरवंटा वडलांना घेऊन यायला सांगा. पुण्याच्या फ्लॅटमधी पाळणा भाड्याचा असला तरी चालंल, वरवंटा आजीचा पाहिजे. आणि त्या वेळी आलेल्या बायांना दोन मिनिटं सांगा ही कोण होती. ऊसतोडीच्या महिन्यांत तिनं काय काय केलं, ते तुम्हीच सांगा, तुमच्याच तोंडून. तुमच्या नणंदा, जावा, शेजारणी, ज्यांनी तिला कधी बघितलं नाही त्यांच्या कानावर ते त्या दिवशी पडतं, आणि घुगऱ्या खाताना बाया त्यावर बोलतात, म्हणजे ते तुमच्याजवळच राहत नाही. धनश्रीच्या ध पेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं.

आता कागदावरचं नाव. इथं मी सासूबाईंच्या बाजूनं थोडं बोलणार आहे. त्यांनी योगेश्वरी सुचवलंय. तुम्ही धारूरच्या म्हणजे अंबाजोगाई तुमच्या जवळच की. तुमची आजी योगेश्वरीला जायची का? मार्गशीर्षातल्या उत्सवाला, नवरात्रात? तुम्ही आजारी असताना तिनं कुणाला नारळ बोलला होता? आपल्या म्हाताऱ्यांचा एक कुणीतरी देव असतोच, कुणाची तुळजापूरची भवानी, कुणाची माहूरची रेणुका, कुणी परळीच्या वैजनाथाला सोमवार धरलेला, कुणी पंढरीची वारी. ते आठवा. जर आजीचा पाय योगेश्वरीच्या पायरीला लागलेला असेल तर सासूबाईंच्या नावातच तुमच्या आजीची जागा आहे, भांडण उरतच नाही, त्यांना त्यांची देवी आणि तुम्हाला तुमच्या आजीची. आणि तिचा देव वेगळा असेल तर तो सासूबाईंना सांगून बघा, देवीचं नाव म्हणून त्या मान्य करतील, एक सोडून दुसऱ्या देवीला नाही म्हणायला कुणी सहसा धजत नाही. पण ओढूनताणून जुळवू नका. आजी कुठल्याच देवाला फार जायची नाही, कामातच असायची, असंही असतं. मग तुम्हा दोघांना आवडेल ते मोकळेपणानं ठेवा, पाळण्यातलं नाव तर तुमचं आहेच.

दोन नावं एकत्र कागदावर घालायचा मोह मात्र टाळा, योगेश्वरी धोंडाबाई असं किंवा मधी रेघ देऊन. आपल्याकडं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव पण येतं, आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव, म्हणजे आधीच चार शब्द झाले. त्यात पाचवा टाकला की कुठल्या फॉर्मला कुठला शब्द कुठल्या रकान्यात जाईल सांगता येत नाही, पासपोर्टला तर दोनच रकाने, नाव आणि आडनाव. मग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, आणि ते सारखं करता करता माणूस थकतं. आणि ह्या आईच्या नावाचं मला फार बरं वाटतं ते तुम्हालाही सांगते. तुमच्या लेकीच्या नावात तुमचं नाव कायमचं असणार आहे, आणि तुमचं नाव, तुम्ही लिहिलंय त्यावरून, आजीनंच ठेवलेलं आहे. बापाचं नाव तर पहिल्यापासून लागत आलंय, पण आजीनं वाढवलेल्या पोरीचं नाव सरकारी कागदावर पुढच्या पिढीच्या नावाला लागलेलं, हे तिच्या काळात कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

घरच्यांचं थोडं. बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर विषय काढू नका, तिथं कुणीतरी म्हणणार की माहेरच्या म्हातारीचं नाव आमच्या घरात कसं काय, आणि एकदा तोंडातनं गेलं की माघार घेता येत नाही. कानात नाव नणंद सांगणार, तो तिचा मान आहे, तर तिला आधी फोन करा, विश्वासात घ्या, सगळी हकीकत सांगा. नणंद तुमच्या बाजूला आली की सासूबाई येतातच. नवऱ्यालाही नुसतं मला आजीचं नाव पाहिजे असं म्हणू नका, त्याला ती माहीत नाही. एखादी ठराविक गोष्ट सांगा, कोणत्या सालची, काय झालं होतं, आजी काय म्हणली होती. लोक नावाला नाही म्हणतात, गोष्टीला नाही म्हणत नाहीत.

आणि सगळ्यात आधी तुमच्या वडलांना विचारा. आजी तुमची असली तरी आई त्यांची होती. चुलत्यांच्या घरात कुणी तेच नाव मनात धरून बसलंय का, भावाच्या मनात काय आहे, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. दोन चुलत बहिणींचं नाव एकच असलं तर कायद्यानं काही अडत नाही, वडलांचं आणि आईचं नाव वेगळं असतं, पण घरात मन दुखतं ते वेगळं.

अजून एक, हे जरा जपून सांगते. आजी गेली आणि वर्षभरात मुलगी झाली, म्हणजे गावाकडं म्हणणारच की म्हातारीच पोटाला आली. म्हणू द्या, त्यात प्रेम आहे. पण तुम्ही स्वतः ते लेकरावर ठेवू नका. अशी लेकरं मी बघितलीत की बारीकसारीक गोष्टीत, आजीसारखं वागावं, आजी असं करत नव्हती, असं ऐकत मोठी होतात, आणि मग त्यांना त्या आजीचाच राग यायला लागतो. तुमची लेक तुमच्या आजीचं नाव घेऊन वाढंल, पण ती तिची ती आहे. ती आळशी निघू शकते, हट्टी निघू शकते, तिला गावाकडं करमणार नाही असंही होईल.

तुमच्या प्रश्नाखाली एका दादांनी मुलाला आजोबाचं नाव ठेवायचंय म्हणून विचारलंय, त्यांनाही चार शब्द. मुलाच्या बाबतीत आपल्याकडं हे फार चालतं, नातवाला आज्ज्याचं नाव. त्यात सुनेची पंचाईत ठरलेली, सासऱ्याचं नाव घेऊन लेकराला रागवायचं कसं, म्हणून असल्या लेकरांना घरात आबा, अण्णा, बापू म्हणतात, ते चांगलंच आहे, हाकेत मान राहतो. पण ज्या घरात एकाआड एक पिढी तेच नाव आहे तिथं जमिनीच्या कागदाचा विचार करा. समजा आजोबा माणिक दत्तात्रय, मुलगा दत्तात्रय माणिक, आणि नातू परत माणिक दत्तात्रय. आडनाव एक, गाव एक, गट नंबर एक. आजोबा वारल्यावर वारसाचा फेरफार करताना सातबारावरचा माणिक दत्तात्रय वारला का जिवंत आहे ह्यावरून माणसं तलाठ्याच्या दारात खेटे घालताना बघितलीत, भाऊबंदकी असेल तर मग विचारूच नका. आता आईचं नाव मधी येणार म्हणून पुढच्या पिढीला हा घोळ कमी होईल. तरी आजोबांच्या हयातीतच नाव ठेवणार असाल तर आधार, पॅन, बँकेत त्यांच्या जन्मतारखा नीट आहेत का ते आत्ताच बघून घ्या. आणि आजोबा हयात असतील तर त्यांना विचारा. काही घरांत जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, काही घरांत म्हातारा स्वतः वाट बघत असतो.

ताई, तुमच्याकडं परत येते. नाव ठरलं की दाखल्यासाठी अर्ज तिथंच करायचा जिथं बाळंतपण झालं. पुण्यात झालं असेल तर तिथल्या महापालिकेच्या ज्या कार्यालयात नोंद आहे तिथं, माहेरी अंबाजोगाईला झालं असेल तर तिथं, तुम्ही राहता कुठं ह्याचा संबंध नाही. अर्ज देण्याआधी इंग्रजी स्पेलिंग दोघांनी बसून कागदावर लिहून ठरवा, कारण दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, आणि योगेश्वरीसारख्या नावाची स्पेलिंगं तीन तऱ्हेनं होतात. छापून आल्यावर खिडकीतून हलायच्या आधी वाचा, तुमचं स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव तुमच्या आधारसारखंच आहे का ते सुद्धा बघा, तिथंच चूक सापडली तर तिथंच दुरुस्त होते.

पण ते सगळं नंतर. वर्षभराची मुदत आहे. आज फक्त वडलांना फोन लावा आणि आजीच्या माहेरचं कोण कोण राहिलंय ते विचारा. त्या पिढीची माणसं थकलेली असतात, फोनवर नीट ऐकू येत नाही, तर त्या गावात कुणाला तरी त्यांच्याजवळ बसवून व्हिडिओ कॉल करा आणि दोनच प्रश्न विचारा, की लग्नाआधी तिला काय म्हणायचे, आणि धोंडा नाव कशावरून पडलं.